कपाटातल्या मुंग्या

१

सोमवारी सकाळी कपाट उघडलं तेव्हा योगिनीला आधी मुंग्या दिसल्या. फाइल नाही हे नंतर ध्यानात आलं.

तांबड्या मुंग्यांची रांग खिडकीवरून उतरून भिंतीच्या कडेकडेनं लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात शिरत होती. तिथं फायलींची थप्पी होती आणि थप्पीच्या पायाशी सुपारीएवढा गुळाचा खडा.

"दादासो, कपाटात गूळ कुणी ठेवला?"

दादासो म्हणजे संस्थेचे शिपाई. हातातली किटली खाली न ठेवताच त्यांनी डोकावून पाहिलं. "उंदरानं नेला आसंल, ताई. शुक्रवारी त्या रणजितरावानं गुळाची ढेप आणली हुती न्हवं का. आपल्या हापिसातल्या उंदरांची आता शुगर तपासाय पायजे."

योगिनी हसली. दोन महिन्यांपूर्वीच ती बारामतीच्या या संस्थेत लागली होती. आईबापावेगळी मुलं कुणाच्या तरी घरी सांभाळायला दिलेली असत. दर तीन महिन्यांनी त्या घरी जायचं, मूल कसं आहे ते डोळ्यांनी बघायचं, बघितलेलं लिहायचं, हे तिचं काम. गुरुवारी पुण्याला बालकल्याण समितीपुढं अंथुर्ण्याच्या संस्कृतीची सुनावणी होती. नऊ वर्षांची पोर शेजारच्या दगडाबाईकडेच राहणार की पणदऱ्याच्या मामाकडे जाणार, ते तिथं ठरायचं होतं. तिची फाइल होती एकतीस नंबरची.

प्रत्येक फाइलच्या कडेला दादासोंनी जाड पेनानं नंबर घातलेला, वरच्या पुठ्ठ्यावर मुलाचा फोटो. थप्पी चोवीसपासून चाळीसपर्यंत, वरून खाली. योगिनीनं कडेवरून बोट फिरवलं. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस अशी उतरत चोवीस आली आणि चोवीसच्या खाली एकदम बत्तीस.

एकतीस नव्हती. आणि वरच्या सात फायलींचा क्रम उलटा झाला होता.

"किल्ली कुठं असते?"

"कॅलेंडरच्या मागं, खिळ्याला. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

शुक्रवारी योगिनी इंदापुरात होती. दादासोंनी बोटांवर मोजत सांगितलं, त्या दुपारी कचेरीत कोण कोण होतं ते. पर्यवेक्षक दिग्विजय सर. मामा रणजितराव, अर्जाचं काय झालं विचारायला आलेले. दगडाबाई, नोटिशीवर अंगठा द्यायला आलेली, आणि तिच्याबरोबर ती पोर.

"आणि मी," दादासो म्हणाले. "मलाबी धरा. पण मी चोरली आसती तर मुंग्यांची पावडर मारून मंग चोरली आसती."

२

दिग्विजय सर आवाज कधी चढवत नसत. दोन वर्षं अंथुर्ण्याच्या भेटी त्यांच्याकडेच होत्या. आता त्यांना बढती मिळाली होती.

"फाइल नाही मिळाली तर काय होतं, सर?"

"दोन वर्षांचा आदेश गुरुवारी संपतो. तो वाढवायला समितीपुढं फाइल लागते. नसली, तर पोरगी पुण्याच्या बालगृहात. त्यात तुमचं-माझं काही चालत नाही."

योगिनीनं गृहभेटींचं रजिस्टर मागून घेतलं. फाइलीतल्या अहवालांचा गोषवारा त्यात असे, फोटोसकट. गेल्या वर्षाच्या चार भेटी सरांच्या वळणदार अक्षरात होत्या.

बारा ऑगस्ट. 'मूल काळजीवाहकासोबत आनंदाने जेवत होते. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ.'

तिचं बोट तिथंच थांबलं. बारा ऑगस्टला अंगारकी होती. तिला तारीख पाहावी लागली नाही. त्या दिवशी ती स्वतः मोरगावला रांगेत उभी होती. आणि दगडाबाईचं तर तिला पहिल्याच भेटीत कळलं होतं. म्हातारीनं भाकरी वाढली, योगिनी म्हणाली, आज चतुर्थी. तेव्हा दगडाबाई हसली होती. "मंग आपलं जमलं. आमी दोघीबी चंद्र बघितल्याबिगर अन्नाला शिवत न्हाय. पोरगी निस्तं दूध पिती."

त्या घरात अंगारकीच्या दुपारी भाकरी आणि उसळ?

तिनं चारही फोटो निरखले, मोबाइलवर टिपून घेतले. ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे. दर वेळी वेगळा फ्रॉक. पोरीच्या पायाशी पांढऱ्या कपाळाचं एक करडू. काहीतरी खटकत होतं, हाताला लागत नव्हतं.

सरांनी हात पुढं करून रजिस्टर अलगद मिटलं.

"जुनं झालं ते, ताई. तुम्ही फाइल शोधा."



३

पणदऱ्याला रणजितरावांचं गुऱ्हाळ जोरात चालू होतं. काहिलीतून वाफ निघत होती. मामांनी खुर्ची पुसून दिली.

"तुमच्या कपाटात गूळ सापडला म्हून माझ्याकडं आलाय?" ते हसले. "बाई, गुळावरनं चोर धरायचा म्हनला तर अर्धा बारामती तालुका आत जाईल."

"शुक्रवारी गूळ कुणाकुणाला दिलात?"

"समद्यांना. दादासोनं दोन खडे हाणले. सायबांनी डायबेटीस म्हून हात जोडले. पोरीनं तोंडात टाकला, म्हातारीनं पदराला बांधला. मी माझाच गूळ काय खायाचा."

"फाइल कुठं असते ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"मधला कप्पा, एकतीस नंबर. सात खेटे घातल्यात, नंबर तोंडपाठ झालाय. पन मी कशाला नेऊ? माझा अर्ज त्यातच हाय, शिक्का मारून घेतल्याला. फाइल गेली म्हंजी माझाच दावा गेला."

ते खरं होतं. योगिनीनं विचारलं, "बहीण गेली तेव्हा तुम्ही पोरीला नको म्हणाला होता, मामा."

"तवा अडचन हुती. आता घरात जुळी झाल्यात, बायकूला हाताखाली मानूस पायजे."

"नऊ वर्षांचं माणूस?"

रणजितरावांचं हसू मावळलं. "आमच्या रक्ताची हाय ती. म्हातारी कोन लागती तिची? शेजारीन. कागदावर बघा की, नात्याच्या खान्यात रेघ हाय."

परतताना एसटीच्या खिडकीशी बसून तिनं हिशेब मांडला. मामाला फाइल हवी होती. दादासोंना त्यातलं काही नको होतं. भीती होती ती एकट्या दिग्विजय सरांना. खोटा अहवाल आपल्या हातानं लिहिलेला माणूस सुनावणीआधी फाइल नाहीशी करील, हे सरळ होतं.

पण मग रजिस्टर मागं का ठेवील? आणि साखरेचा रोगी गूळ कशाला बाळगील?

४

मंगळवारी ती अंथुर्ण्याला गेली. ऊसतोड चालू होती, वाट ट्रॅक्टरनं अडलेली. शेवटचा मैल ती चालतच गेली.

दगडाबाईचं घर दोन खणांचं. एके काळी या घराची शंभर मेंढरं होती. आता तीन शेळ्या आणि कालव्याच्या कडेचा जमिनीचा तुकडा. संस्कृतीची आई शेजारच्या खोलीत राहायची. तापानं गेली तेव्हा पोर आधीच दगडाबाईच्या वाकळेत झोपलेली होती. बाप त्याआधीच परागंदा. कागद नंतर झाले.

पोर अंगणात शेळीला पाला घालत होती. दांडगी, शिंगं फुटलेली शेळी. पांढरं कपाळ.

"ही कुठली गं?"

"आमची चांदी. मागल्या दिवाळीच्या आधी झाली. करडू हुती, आता बघा, मलाच ढकलती."

योगिनीनं मोबाइलवर काढलेले रजिस्टरचे फोटो उघडले. ऑगस्टात करडू. नोव्हेंबरात करडू. मे महिन्यातही तेवढंच करडू. जनावर नऊ महिन्यांत बोटभरही वाढलं नव्हतं.

"हे फोटो कधी काढले?"

"एकाच दिशी," संस्कृती सहज म्हणाली. "त्ये सर गाडीवरनं उतरलेच न्हाईत. म्हनले, फ्राक बदलून ये. मंग परत म्हनले, बदलून ये. मला तीनच फ्राक हुते, चौथा सोनमचा आनला, शेजारच्या."

"परत कधी आले?"

"न्हाय." पोर पाला खाली टाकून जवळ आली. "बाई, बेस्तरवारी काय व्हनार? मामा म्हनला, तुझं बोचकं बांधून ठेव."

योगिनीनं पोरीच्या केसातला पाचटाचा तुकडा काढला.

इतक्यात शेजारची भागूबाई पातेलं घेऊन आली. "दगडाबाई, घे गं तुजं पातेलं. कालवन झ्याक झालं हुतं, मीठ तेवढं इसारलीस."

"मीठ तुझ्या तोंडात हाय की, वरनं कशाला," दगडाबाई आतून म्हणाली आणि पातेलं घ्यायला बाहेर आली.

पातेल्याच्या तळाशी गुळाचा एक खडा होता.

योगिनी त्याच्याकडे बघतच राहिली. भागूबाईला वाटलं, शहरातली बाई, नवल वाटलं असेल. "रिकामं भांडं परत देऊ न्हाय, बाई. ज्याच्या घरचं घेतलं त्याच्या घरची जागा भरावी. बारामतीला न्हाय का देत?"

"देतात," योगिनी हळूच म्हणाली. तिची आई साखरेची चिमूट घालायची. आजी घालायची. ती स्वतःही घालते. फक्त भांड्याची रीत कुणी कपाटाला लावील, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

५

तिनं संस्कृतीला चांदीला घेऊन बांधावर धाडलं. भागूबाई गेली. मग ती उंबऱ्यावर बसली.

"मावशी, फाइल नेणाऱ्यानं वरच्या सात फायली एकेक करून उचलल्या. बाजूला रचल्या, मग तशाच परत ठेवल्या. म्हणून क्रम उलटा झाला. नंबर तर कडेलाच होता. ज्याला अक्षर येतं, तो कडेला बघून नेमकी ओढून घेतो. मामांना नंबर पाठ होता. दादासोंनी तो स्वतःच्या हातानं घातलेला. सरांचं तर रोजचं काम. मग वरचे फोटो बघत बघत कोण गेलं असेल?"

दगडाबाई पातेलं पदरानं पुसत होती. कोरडंच होतं ते.

"आणि नेल्यावर जागा रिकामी राहू नये म्हणून गूळ ठेवला."

म्हातारी उठली. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकामागं तांबड्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते तिनं आणून योगिनीच्या मांडीवर ठेवलं. फाइलच्या पुठ्ठ्यावर, फोटोतल्या पोरीच्या कपाळावर, हळदीकुंकवाची बोटं उमटली होती.

"पोरगी दादासोसंगं खाली नळावर गेली हुती. मामा निघून गेल्याला, सायब फोनवर. किल्ली समोरच." दगडाबाईचा आवाज सपाट होता. "चोरी म्हना. मी न्हाय म्हनत न्हाय."

"पण का, मावशी?"

"कालव्यात आमचा तुकडा जानार हुता. नोटिसा आल्या, मोजनी झाली. आन मंग तिकडं फाइल हरवली. कुनी म्हनलं वाळवी लागली, कुनी म्हनलं सायब बदलला. बावीस वरसं झाली, बाई. निकाल न्हाय लागला. आन निकाल न्हाय म्हनून जमीन आजूक आमीच कसतोय." तिनं बांधाकडं पाहिलं. "म्हनलं, हिची फाइल हरवली तर हिचाबी निकाल लागायचा न्हाय. दहा वरसं गेली तरी बास. तंवर पोरगी शहानी व्हईल."

 म्हातारीनं आयुष्यभर जे पाहिलं, त्यातून अगदी बरोबर उत्तर काढलं होतं.

"मावशी, जमिनीची फाइल हरवली तर जमीन जागेवर राहते. पोरीची हरवली तर पोरगी जाते. गुरुवारी ही फाइल तिथं नसती, तर त्यांनी तिला त्याच दिवशी बालगृहात नेलं असतं."

दगडाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग देव्हाऱ्याकडं. मग ती खालीच बसली.

"मी इच्यारायचं तरी कुनाला?" ती म्हणाली. "तुमच्याआधी दोन वरसात उंबऱ्याला कोन आलंच न्हाय."

६

बुधवारी दिग्विजय सरांनी फाइल पाहिली आणि डोळे मिटून क्षणभर खुर्चीला टेकले. मग सुनावणीचा कागद योगिनीपुढं सरकवला. 'मागील सर्व गृहभेटी झाल्याची खात्री केली आहे.' खाली तिच्या सहीची जागा.

"करडू मोठं झालंय, सर," ती म्हणाली.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "बासष्ट मुलं होती माझ्याकडं. मोरगावपासून पार इंदापूरपर्यंत. एक मोटारसायकल. जिथं घर वाईट वाटलं तिथं मी तीन-तीनदा गेलो, ताई. दगडाबाईचं घर चांगलं होतं, म्हणून गेलो नाही." त्यांनी पेन तिच्याकडं केलं. "कागद खोटा आहे, पण घर खरं आहे. सही नाही केलीत, तर खऱ्या घराचंच वाटोळं होईल."

हे खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

तिनं सही केली नाही. आपल्या दोन भेटींचं जे पाहिलं ते साध्या शब्दांत लिहून फाइलीत लावलं. बाकी देवावर सोडलं. सोडलं म्हणजे काय, दुसरं काही हातात नव्हतं.

गुरुवारी पुण्याला समितीपुढं दगडाबाई लुगड्याची घडी सावरत उभी होती, पोर तिच्या पदराआड. रणजितराव पांढऱ्या शर्टात बाजूला. अध्यक्षीणबाई वयस्क, मायाळू चेहऱ्याच्या. त्यांनी फाइल हातात घेतली आणि पुठ्ठ्यावर बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"फाइलला कुंकू कसं?"

 दगडाबाईच पुढं झाली. "मी लावलं, मॅडम. घरी नेली हुती."

बाईंनी चष्मा सारखा केला. पानं चाळली. खात्रीच्या कागदावर सही नव्हती. "योगिनीताई, या भेटी झाल्या आहेत का?"

तिला माहीत होतं, 'हो' म्हटलं की पोर आज अंथुर्ण्याला जाईल. एक अक्षर. ते जिभेवर आणायचा तिनं खरोखर प्रयत्न केला.

"नाही," ती म्हणाली. "पण घर चांगलं आहे. मी दोनदा गेले आहे. पोरीला तिथंच..."

"तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण दोन वर्षं ज्या घरावर कुणाची नजर नव्हती आणि ज्या घरी फाइल नेली गेली, तिथं आज मी सही कशी करू?" त्यांचा आवाज कोरडा नव्हता. "मामांच्या घराची तर एकही भेट नाही. तिथंही देता येत नाही. चौकशी होईपर्यंत मुलगी बालगृहात राहील. तीन महिने. मला दुसरं काही करता येत नाही, ताई."

संस्कृती रडली नाही. तिनं दगडाबाईचा पदर सोडला आणि विचारलं, "चांदीला पाला कोन घालनार?"

७

तीन महिन्यांचे सहा झाले. चौकशीला माणूस नव्हता, मग साहेबांची बदली झाली. दगडाबाईला हे सगळं ओळखीचं होतं. निकाल लागत नव्हता आणि या खेपेला ताबा दुसऱ्याकडं होता.

दिग्विजय सरांना भेटींच्या कामावर परत पाठवलं होतं. आता ते खरंच गाडीवरून उतरत, असं दादासो सांगत. रणजितरावांनी एक बाई कामाला लावली होती. अर्जाचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

योगिनी मात्र दर महिन्याच्या चतुर्थीला, नियम नसताना, पुण्याला जाई. जाताना दगडाबाई स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू देई. "सांग तिला, चांदी गाभन हाय."

अशाच एका चतुर्थीला पोरीनं डबा तिथंच बाकावर उघडला, एकेक लाडू दोन मैत्रिणींना दिला, उरलेले कागदात गुंडाळून आत ठेवून आली. डबा धुऊन, झाकण घट्ट लावून परत केला.

"बाई, वाटंत उघडू नका."

योगिनीनं उघडला नाही. बारामती, मग अंथुर्णे. दगडाबाई अंगणात वाट बघत बसली होती. तिनं डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं.

तळाशी अर्धं बिस्कीट होतं. सकाळच्या चहाबरोबर मिळालेलं, एका बाजूनं भिजलेलं आणि नंतर वाळलेलं.

दगडाबाई त्याच्याकडं पाहत राहिली. मग तिनं झाकण लावलं, डबा देव्हाऱ्यात नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "फुडच्या टायमाला दुसरा डबा देते. ह्यो राहू दे."

संध्याकाळी योगिनी निघाली तेव्हा देव्हाऱ्याच्या भिंतीवर पहिली मुंगी चढत होती. दगडाबाईनं ती पाहिली, आणि झटकली नाही.